बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटाचा खेळ लावला की नंतर चहाच्या वेळी प्रश्न येतात. खेळाला न आलेले लोक घरी मोबाइलवर चित्रपट पाहतात आणि रात्री उशिरा मेसेज टाकतात. ‘सेव्हन चान्सेस’बद्दलचे प्रश्न सगळ्यात जास्त असतात, म्हणून ते एकदाच इथे उत्तरांसह मांडले आहेत. शेवट आधी कळायला नको असेल तर तेरावा प्रश्न सोडून पुढे जा.

१. हा चित्रपट आहे तरी कशाबद्दल?

मार्च १९२५ मध्ये प्रदर्शित झालेला हा अमेरिकन मूकपट आहे. लांबी तासाभरापेक्षा थोडी कमी. दिग्दर्शक बस्टर कीटन आणि नायकही तोच. जिमी शॅनन हा एका दलाली पेढीतला भागीदार. पेढी एका भानगडीच्या व्यवहारात अडकून बुडायच्या बेतात आलेली. ऑफिसात एक वकील येतो, तेव्हा हा समन्स घेऊन आला असं समजून दोघे भागीदार त्याला टाळत पळतात. त्याच्याजवळ असतं आजोबांचं मृत्युपत्र : सत्तर लाख डॉलर जिमीला मिळतील, पण सत्ताविसाव्या वाढदिवशी संध्याकाळी सातच्या आत त्याचं लग्न झालं पाहिजे. आणि सत्ताविसावा वाढदिवस आजच!

जिमीचं प्रेम मेरी जोन्सवर. तो धावत तिच्याकडे जातो, मागणी घालतो, ती हो म्हणते. मग घाई कशाची ते सांगताना हा पठ्ठ्या असं काही बोलून जातो की ‘आज कुणाशी तरी लग्न करणं भागच आहे, मुलगी कुठलीही चालेल’ असा त्याचा अर्थ निघतो. ती दार लावून घेते. इथून पुढचा चित्रपट म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत.

२. मूळ नाटक कुणाचं?

रॉय कूपर मेग्रू या अमेरिकन नाटककाराचं. ते १९१६ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज एम. कोहान थिएटरात रंगमंचावर आलं. निर्माता होता डेव्हिड बेलास्को, ब्रॉडवेवरचं त्या काळचं वजनदार नाव. पुचिनी या इटालियन संगीतकाराने ज्यावरून ऑपेरा केला ते ‘मॅडम बटरफ्लाय’ नाटकही बेलास्कोचंच. जिमीची भूमिका फ्रँक क्रेव्हन करत असे. प्रयोग दीडशेच्या आसपास झाले. म्हणजे नाटक पडलं नाही, पण दंतकथाही झालं नाही. मेग्रू १९२७ मध्ये गेला. आज त्याचं नाव घेतलं जातं ते बहुतेक वेळा या चित्रपटामुळेच.

३. कीटनला नाटक आवडलं म्हणून त्याने ते घेतलं का?

अजिबात नाही. हक्क विकत घेतले निर्माता जोसेफ शेंक याने, तेही पंचवीस हजार डॉलर मोजून. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. शेंक हा कीटनचा साडू. कीटनची बायको नॅटली टाल्मॅज आणि शेंकची बायको नॉर्मा टाल्मॅज या सख्ख्या बहिणी, त्यामुळे धंदा आणि घर यांची चांगलीच सरमिसळ झालेली. आधीच्याच वर्षी कीटनचा ‘द नॅव्हिगेटर’ तुफान चालला होता. पुढचा चित्रपट काय करायचा हे मात्र त्याच्या हातात आयतं ठेवलं गेलं.

हे नाटक आपल्या प्रकृतीचं नाही हे कीटन पुढे आयुष्यभर सांगत राहिला. एका गैरसमजावर इमारत उभी करायची आणि कुणीतरी एक वाक्य सरळ बोलला तर ती कोसळेल अशी अवस्था ठेवायची, या जातीचा फार्स त्याला पटत नसे. त्याच्या नायकाला अडचणी येतात त्या आगगाडीच्या, वादळाच्या, बुडत्या बोटीच्या. न आवडलेल्या मालातून त्याने काय काढलं हे पाहण्यातच या चित्रपटाची खरी गंमत आहे. त्याबद्दल पुढच्या दोन प्रश्नांत.

४. नाटकातलं चित्रपटात किती उरलं?

सांगाडा उरला : मृत्युपत्र, सातची मुदत, मेरीचा रुसवा, क्लबातल्या सात मुलींची यादी. तुम्ही कथासार वाचलंत तर नाटक आणि चित्रपट यांत फारसा फरक वाटणार नाही.

फरक आहे तो हशा कुठे पिकतो यात. रंगमंचावरचा असा फार्स बोलण्यावर चालतो. नायक मागणी घालताना अडखळतो, मुली टोमणे मारतात, मित्र मधे मधे तोंड घालतो. मूकपटात हे सगळं दृश्यांमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर लिहून दाखवायचं म्हटलं तर प्रेक्षक वाचूनच दमेल. कीटन आणि त्याचे लेखक (क्लाइड ब्रुकमन, जाँ हावेझ, जोसेफ मिचेल) यांनी इथे मुळालाच हात घातला. त्यांनी नायकच असा केला की त्याला बोलता येत नाही. पहिल्याच प्रसंगात ऋतूमागून ऋतू जातात आणि जिमी मेरीच्या कुंपणापाशी उभा राहून ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ एवढं म्हणू शकत नाही. शेजारचं कुत्र्याचं पिल्लू मात्र दर ऋतूत मोठं होत जातं. पुढे एकदाच तो मन मोकळं करून बोलतो, आणि नेमका तेव्हाच घोटाळा होतो.

माझ्या मते सगळं रूपांतर या एका निर्णयात आहे. बोलक्या नाटकातून न बोलू शकणाऱ्या माणसाची गोष्ट काढली, की मूकपटाला आवाज नसणं ही उणीव राहत नाही. उत्तरार्धातला पाठलाग नाटकात नव्हताच. तो सर्वस्वी कीटनचा.

५. संवाद नसताना सात मुलींचे सात नकार कंटाळवाणे कसे होत नाहीत?

कारण प्रत्येक नकाराला जागा वेगळी दिली आहे. हा भाग घाईत पाहू नका. पाठलागाच्या नादात लोक हाच विसरतात.

जिमीचा भागीदार त्याला क्लबात घेऊन जातो. जेवणाच्या दालनात नजर फिरवून ओळखीच्या सात जणींची नावं कागदावर उतरवली जातात. पहिल्या एक-दोन नकारांतच कळतं की हा माणूस कुणाचं मन जिंकायला आलेला नाही, तो उमेदवारी अर्ज भरतोय. मग जिन्याचा प्रसंग येतो. एका मुलीशी बोलत तो जिना चढतो, वर पोचेपर्यंत नकार मिळतो. त्याच क्षणी दुसरी खाली यायला निघते, हा वळून तिच्याबरोबर उतरू लागतो, खाली येईपर्यंत तिचाही नकार. कॅमेरा शांतपणे बघत असतो. मागणी, विचार, उत्तर हे सगळं पायऱ्यांच्या लयीत उरकलं जातं, एकाही पाटीची गरज पडत नाही.

त्याहून सुंदर चिठ्ठीचा प्रसंग. वर सज्जात एक मुलगी बसली आहे. जिमी खालून चिठ्ठी लिहून वर भिरकावतो आणि मान वर करून उत्तराची वाट पाहतो. थोड्या वेळाने उत्तर येतं : चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे त्याच्या डोक्यावर पडतात, जणू आत्ताच अक्षता पडल्या. ती मुलगी आपल्याला धड दिसतही नाही. रंगमंचावर इथे एखादं खोचक वाक्य लागलं असतं.

एका प्रसंगात मागणी घालून झाल्यावर कळतं की समोरची मोठ्या कपड्यांतली शाळकरी पोर आहे. दुसऱ्या प्रसंगात भागीदारच मित्रासाठी शब्द टाकतो. मुलगी खुलते, कारण तिला वाटतं मागणी यानेच घातली. मग तो जिमीकडे बोट दाखवतो. तिचा चेहरा उतरतो त्यावर अख्खा प्रसंग संपतो.

६. सुरुवात रंगीत दिसते. हा रंग नंतर कॉम्प्युटरवर चढवला का?

नाही, तो मूळचाच. सुरुवातीचे ऋतूंचे प्रसंग तेव्हाच्या दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीने घेतले होते. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश दोन वाटांना फोडून एक प्रतिमा लाल आणि दुसरी हिरव्या गाळणीतून टिपायची, आणि प्रत काढताना दोन्ही एकावर एक आणायच्या. त्यामुळे त्वचा, विटा, झाडी बरी दिसते. निळा रंग मात्र नीट येत नाही, आकाश हिरवट वाटतं. प्रत बिघडली आहे असं समजू नका. काळाच्या ओघात या भागाचे रंग फारच उडाले होते, आणि कित्येक वर्षं लोकांनी तो काळापांढराच पाहिला. अलीकडच्या दुरुस्त प्रतींत रंग परत आणला आहे. प्रत कशी निवडायची ते सोळाव्या प्रश्नात.

७. जिमी मोटारीत बसतो, मोटार हलत नाही आणि तरी मेरीचं घर येतं. हे कसं केलं?

तो क्लबाबाहेर मोटारीत बसतो. मोटार जागची हलत नाही, मागचं दृश्य विरघळून मेरीचं घर येतं, तो उतरतो. परतीलाही तसंच. दोन ठिकाणी केलेलं चित्रण एकावर एक विरघळवताना मोटार चौकटीत तसूभरही सरकून चालणार नव्हती. ती सरकली असती तर सगळा खेळ उघडा पडला असता. म्हणून कीटनच्या लोकांनी जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं आणून मोटारीचं आणि कॅमेऱ्याचं अंतर-कोन मोजून ठेवलं, आणि दुसऱ्या ठिकाणी तंतोतंत तसंच मांडलं. एवढा खटाटोप कशासाठी? तर ‘तो गाडी चालवत गेला’ हे दाखवायचा कंटाळा वाचावा म्हणून. मला हा चित्रपटातला सर्वांत आळशी आणि सर्वांत कष्टाचा विनोद वाटतो.

८. त्याच्याजवळची दोन तिकिटं कसली?

एक नायगारा धबधब्याचं आणि एक रीनोचं. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला हे सांगावं लागत नसे. नायगारा म्हणजे मधुचंद्र. नेवाडातलं रीनो म्हणजे झटपट घटस्फोट, कारण त्या राज्यातला कायदा सैल होता आणि देशभरातून लोक खास त्यासाठी तिथे जात. लग्नाला निघालेल्या माणसाच्या खिशात दोन्ही तिकिटं आधीच काढलेली आहेत, हा विनोद.

९. नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत जाऊन तो मार खाऊन का बाहेर येतो?

हा विनोद आज शंभरात नव्वद जणांना कळत नाही, आणि चूक त्यांची नाही. जिमी एका सुंदर बाईचं पोस्टर पाहतो, द्वारपालाला पैसे देऊन आत शिरतो. पोस्टरवर नाव असतं, पण पुढे एक खोकं आल्यामुळे ते झाकलेलं. खोकं हलतं तेव्हा नाव दिसतं : ज्युलियन एल्टिंज. थोड्या वेळाने जिमी हॅटची वाट लागलेल्या अवस्थेत बाहेर येतो.

एल्टिंज हा अमेरिकन रंगभूमीवरचा अतिशय नावाजलेला स्त्रीवेषधारी नट. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर त्याच्या नावाचं नाट्यगृह होतं. मराठी माणसाला हे समजावण्यासाठी दोन शब्द पुरे : बालगंधर्व. त्याच वर्षांत इकडे बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरोघरी होत होती, आणि फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारून एक तपही नुकतंच उलटलेलं. आपल्याकडच्या प्रेक्षकाला १९२५ मध्ये हा विनोद कदाचित अमेरिकनांपेक्षा लवकर कळला असता. फक्त आपल्याकडे नायक मार खाऊन नव्हे, पाया पडून बाहेर आला असता.

१०. शेकडो वधू खरंच होत्या का? त्या एवढ्या चिडतात कशाने?

खरंच होत्या. हे काही कॅमेऱ्याने वाढवलेलं चित्र नव्हे. सात नकारांनंतर भागीदार संध्याकाळच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आणतो : अमुक चर्चमध्ये पाच वाजता या, लग्न करणारीचा नवरा कोट्यधीश होणार. जिमी आधीच जाऊन पुढच्या बाकावर बसतो आणि त्याला झोप लागते. मागे एकेक करून बायका येऊ लागतात. जाड, बारीक, म्हाताऱ्या, कुणी चाकांचे स्केट घालून, कुणी घोड्यावरून. कुणाची ओढणी धड, तर कुणी घरात हाताला लागेल ते कापड डोक्यावर घेऊन आलेली. जिमी जागा होतो तेव्हा चर्च गच्च भरलेलं असतं. पाद्री म्हणतो, कुणीतरी तुमची चेष्टा केलेली दिसते. मग काय, सगळा राग जिमीवर.

यापुढे कीटन गर्दीला एका प्राण्यासारखं वागवतो. वधू फुटबॉलच्या मैदानातून जातात, मागे खेळाडू आडवे पडलेले. मक्याच्या शेतातून जातात, मागे शेत उरत नाही. माझा आवडता तुकडा विटांचा. एक गवंडी भिंत रचतोय. वधूंची रांग शेजारून धावत जाते, जाता जाता प्रत्येकजण एक वीट उचलते. रांग संपते तेव्हा भिंत नसते. गवंडी आणि थापी तेवढी शिल्लक. एकीनेही वीट फेकलेली आपण अजून पाहिलेली नाही, आणि तरी जिमीचं पुढे काय होणार ते समजून चुकतं.

११. डोंगरावरून गडगडणारे दगड खरे होते का? आणि तो प्रसंग म्हणे आधी नव्हताच?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. दगड खोटे होते. तो प्रसंग मात्र चित्रपट पुरा झाल्यावर जोडला गेला.

कीटनची पद्धत अशी की चित्रपट तयार झाला की आधी एखाद्या थिएटरात न सांगता दाखवायचा आणि मागे उभं राहून हशे ऐकायचे. या चित्रपटाच्या चाचणीत पाठलाग बरा चालला, पण शेवट विझल्यासारखा झाला. एका ठिकाणी मात्र लोक अचानक उठून बसले. उतारावरून पळताना कीटनचा पाय लागून तीन दगड सुटले होते आणि त्याच्या मागे घरंगळत आले होते. ते ठरवून केलेलं नव्हतं. चित्रीकरणातला अपघात तसाच प्रतीत राहून गेला होता. माणूस पळतोय, मागे बायका आहेत, आणि आता दगडही लागले पाठीला!

कीटन परत गेला, सुमारे दीड हजार दगड बनवून घेतले आणि अख्खा डोंगर त्याच्या अंगावर सोडला. कागदाच्या लगद्याचे हे दगड चेंडूएवढ्यापासून आठ फूट व्यासापर्यंत होते. लगद्याचे म्हणून ते काही कापसासारखे हलके नव्हते. आठ फुटी गोळा उतारावर वेग घेऊन आला की माणसाला लोळवतोच. त्यात पळणारा, कोलांट्या खाणारा, झाडावर चढून त्या झाडासकट खाली येणारा तो स्वतः आहे.

कितीही वेळा पाहा, या प्रसंगाची रचना बघण्यासारखी आहे. आधी एक लहान दगड. जिमी वळून पाहतो, चुकवतो. मग दोन. मग वेगवेगळ्या मापांचे. एका मोठ्या दगडाआड तो लपतो, आणि लहान दगड येऊन त्या मोठ्यालाच धक्का देतात. खाली वधू वाट अडवून उभ्या, वरून दगड. आणि इथेच दगड त्याच्या बाजूने लढू लागतात, वधूंची पांगापांग होते. नाटकाने दिलेला सापळा शेवटी मोडला तो एका अपघाताने, आणि तो अपघात चार माणसांच्या हशाने दाखवून दिला.

१२. जो कधी हसत नाही तो प्रेमकथेचा नायक कसा शोभतो?

कीटनचा चेहरा लहानपणी रंगमंचावर घडला. आईवडिलांच्या खेळात बाप त्याला उचलून फेकायचा आणि पोर हसलं तर प्रेक्षक कमी हसायचे, हे त्याला फार लवकर कळलं. पण ‘हसत नाही’ म्हणजे ‘काही दाखवत नाही’ असं नव्हे. मेरीने नकार दिल्यावर तो फाटकाबाहेर कसा थबकतो, ते पाहा. त्याचे डोळे आणि चाल एवढं सांगतात की हसण्यारडण्याची भर नकोशी होईल. न बोलू शकणारा नायक (चौथा प्रश्न) या चेहऱ्याला बेतूनच केला आहे.

मेरीच्या भूमिकेतल्या रूथ ड्वायरला मात्र फारसं काही करायला दिलेलं नाही. ही तक्रार रास्त आहे.

१३. शेवटी सात वाजून गेले होते की नव्हते? (शेवट उघड होतो.)

जिमी मेरीच्या घरी पोचतो तेव्हा भागीदार घड्याळ दाखवतो : वेळ टळली. मेरी म्हणते पैसे गेले तरी मी लग्न करते. जिमी नको म्हणतो, कारण आता त्याच्या नशिबी बदनामी आहे आणि त्यात तिला ओढायचं नाही. तो बाहेर पडतो आणि समोर चर्चचं घड्याळ दिसतं. सात अजून वाजायचे आहेत. भागीदाराचं घड्याळच पुढे होतं.

काहींना ही पळवाट वाटते. पण आधीचा एक प्रसंग आठवा. वधूंपासून निसटलेला जिमी किती वाजले ते पाहायला घड्याळजीच्या दुकानाशी येतो. दुकानातल्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. आत जाऊन घड्याळजीला विचारतो, तर त्याचं स्वतःचं घड्याळ बंद! कुठल्याही घड्याळावर भरवसा नाही, हे तिथेच सांगून झालेलं आहे.

आणि मधल्या त्या दोन वाक्यांमुळे (ती हो म्हणते, तो नको म्हणतो) पैशाचा प्रश्न सुटण्याआधी प्रेमाचा सुटलेला असतो. लग्न लागल्यावर चुंबनासाठी जिमीचा नंबर काही लागत नाही, जो तो मधे येतो. शेवटी मधे येतं ते कुत्रं, आता अवाढव्य झालेलं.

१४. यात वर्णद्वेषी विनोद आहेत असं ऐकलं. मुलांना दाखवावा का?

आहेत. मेरीच्या घरच्या कृष्णवर्णीय गड्याचं काम ज्यूल्स काउल्स या गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून केलंय, आणि तो गडी सुस्त आणि मंद दाखवलाय. रस्त्यात जिमी एका बाईला मागणी घालायला जातो, ती कृष्णवर्णीय आहे हे दिसताच काढता पाय घेतो. हिब्रू लिपीतलं वर्तमानपत्र वाचणाऱ्या बाईपाशीही तसंच. ‘त्या काळी चालायचं’ हे स्पष्टीकरण म्हणून ठीक, समर्थन म्हणून नाही. शिवाय हे विनोद विनोद म्हणूनही आळशी आहेत. जिन्याचा प्रसंग सुचणाऱ्या माणसाकडून ते यावेत याचं वाईट वाटतं.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना जरूर दाखवा, शेजारी बसून. मुलं स्वतःच विचारतात, ‘याने तोंड का रंगवलंय?’ उत्तर द्या. त्यांना कळतं.

१५. जीन आर्थर यात आहे म्हणतात. मला दिसली नाही.

तीसच्या दशकात बोलपटांची मोठी नायिका झालेली जीन आर्थर इथे क्लबातली स्वागतिका आहे. श्रेयनामावलीत नाव नाही, प्रसंग क्षणभराचा. जिमी क्लबात असताना टेबलामागे बसलेली मुलगी पाहा. पापणी लवली तर परत मागे न्यावं लागेल.

१६. नेटवर वेगवेगळ्या लांबीच्या प्रती आहेत. कोणती पाहावी?

मूकपट ठरावीक एका वेगाने चित्रित होत नसत. कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि दाखवतानाचा वेगही थिएटरागणिक बदले. म्हणून तोच चित्रपट एका प्रतीत पाच मिनिटं लहान, दुसरीत मोठा. माणसं पळताना मुंग्यांसारखी दिसू लागली तर ती प्रत बंद करा. सुरुवात रंगीत असेल आणि पाट्या स्वच्छ वाचता येत असतील तर ती घ्या.

संगीताचा प्रश्न वेगळा. तेव्हा थिएटरात पियानो, ऑर्गन किंवा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजे, जसे आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबला असत. आज प्रतीवर जे वाजतं ते नंतर कुणीतरी रचलेलं. नाही आवडलं तर आवाज बंद करा. जमत असेल तर पेटीवाल्याला बसवून बघा, पाठलागाला द्रुत लयीतला तबला अफाट जमतो.

१७. याच कथेवर नंतर काही झालं का?

१९४७ मध्ये थ्री स्टूजेस या अमेरिकन विनोदी त्रिकुटाचा ‘ब्राइडलेस ग्रूम’ हा लघुपट याच कल्पनेवर आला. त्याची पटकथा क्लाइड ब्रुकमनची, म्हणजे कीटनच्याच जुन्या लेखकाची. १९९९ मध्ये ‘द बॅचलर’ आला, ख्रिस ओ’डॉनेल आणि रेने झेल्वेगर यांचा. त्यात वधूंची गर्दी आहे, पण नायक सारखा बोलतो. नाटकाकडे परत गेल्यासारखं वाटतं, फक्त मेग्रूचा नेमकेपणा वगळून.

१८. आम्हाला एकांकिका स्पर्धेसाठी मराठीत रूपांतर करायचं आहे. हक्कांचं काय? आणि पाठलाग रंगमंचावर कसा आणायचा?

चित्रपट अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून हक्कमुक्त आहे. भारतीय कायद्यात चित्रपटाला प्रदर्शनानंतर साठ वर्षं आणि नाटकाला लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षण असतं. इथे दोन्ही मुदती कधीच्या संपल्या. मात्र दुरुस्त प्रतीवरचं नवं संगीत हक्काखाली असू शकतं, ते प्रयोगात वाजवू नका. १९९९च्या चित्रपटातली भर तर अजिबात उचलू नका. स्पर्धेच्या नियमावलीत रूपांतराबद्दल वेगळी अट असेल तर ती आधी वाचा. काही ठिकाणी हक्कमुक्त असल्याचं लेखी मागतात.

पाठलाग आणायचा प्रयत्न करू नका, तो तिथे मरतो. तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे : मुहूर्त. मराठी प्रेक्षकाला संध्याकाळी सातची मुदत समजावून सांगावी लागत नाही. गोरज मुहूर्त म्हटलं की सगळे मनगटाकडे बघतात. मागे एक मोठं भिंतीवरचं घड्याळ लावा आणि ते खऱ्या वेळेने चालू द्या. वधू विंगेतच ठेवा, बांगड्यांचा आवाज वाढवत न्या. जिन्याचा प्रसंग (पाचवा प्रश्न) दोन पायऱ्यांच्या लेव्हलवरही होतो, फक्त नटांची पावलं मोजून बसवा. एल्टिंजच्या जागी काय घालायचं ते नवव्या प्रश्नात आहेच. अर्जात मूळ लेखक म्हणून रॉय कूपर मेग्रू असं लिहा आणि पाठलागातलं काही घेतलंत तर कीटनचंही नाव टाका.